चिवळीचा वाफा

नागपूरच्या त्या सभागृहात बाबा बोलायला उभे राहिले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन बायका आपापसात कुजबुजत होत्या. बाबांनी माइकवर हात ठेवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या गप्प झाल्या. मग बाबांनी पिशवीतून हिरव्या पाल्याची एक जुडी काढली आणि वर धरली.

"ही ओळखते का कोणी?"

"चिवळ!" मागून चारदोन आवाज आले.

"शाबास. म्हणजे वऱ्हाडातली माणसं आहेत अजून नागपुरात. पुण्याकडे न्याल तर म्हणतील, ही तर घोळ. घोळ नव्हे. घोळीची धाकटी बहीण म्हणा पाहिजे तर. उन्हाळ्याच्या तोंडाशी येते, जमिनीला धरून पसरते, पानं गव्हाच्या दाण्याएवढी. चवीला किंचित आंबट. ऊन वाढलं की पोटाला हिच्याइतकं थंड दुसरं काही नाही."

मी व्यासपीठावर बसून ऐकत होते. खाण्यापिण्यावर लिहायला लागून मला बरीच वर्षं झाली होती. वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझं सदर चालायचं. पण पुस्तक हे पहिलंच होतं. फाल्गुन-चैत्रातल्या विदर्भातल्या स्वयंपाकावरचं. त्यातली निम्मी माहिती बाबांची होती. बळवंतराव मोहोड हे नाव जुन्या शेतकऱ्यांना आजही माहीत असेल. कृषी खात्यात त्यांची सगळी नोकरी भाजीपाल्यात गेली. म्हणून प्रकाशनाला त्यांनी बोलावं, असा आग्रह मीच धरला होता.

"आयुष्यभर मी लोकांना औषधं मारायला शिकवलं," बाबा म्हणाले. "कोणत्या किडीला कोणतं, पंपाला किती. ते माझं कामच होतं. पण रिटायर झालो आणि ठरवलं, माझ्या स्वतःच्या वाफ्यात विषाचा एक थेंब पडू द्यायचा नाही. निंबोळीचा अर्क, बस. माझी नात माझ्या बागेतलं पान न धुता तोंडात टाकते."

टाळ्या पडल्या. बाबांनी पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवला, समोरच्या लोकांकडे पाहिलं आणि तीच जुडी पुन्हा वर धरली.

"ही ओळखते का कोणी?"

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. "चिवळ!" या वेळी सगळ्यांनी मिळून म्हटलं.

"शाबास. म्हणजे वऱ्हाडातली माणसं आहेत अजून नागपुरात."

मग घोळीची धाकटी बहीण आली, गव्हाचा दाणा आला, पोटाचा थंडावा आला. "आयुष्यभर मी लोकांना औषधं मारायला शिकवलं" हे वाक्य आलं तोवर सभागृहातलं हसू थांबलं होतं. पुण्याहून आलेली माझी संपादक अनघा केळकर माझ्याकडे पाहत होती. मी उठले, बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते थांबले. माझ्या तोंडाकडे त्यांनी एक क्षण पाहिलं. मग माइककडे वळून म्हणाले, "मुलगी म्हणते, म्हातारा फार बोलतो. बसतो."

त्यावर पुन्हा टाळ्या पडल्या, आणि वेळ निभावली.

अमरावतीला परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, "बरं झालं ना भाषण?"

"छान झालं, बाबा."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. रस्त्याच्या कडेला पळस फुलले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तू उठून का आलीस मग?"

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बाबांच्या विसरण्याच्या आजाराला सुरुवात होऊन वर्ष झालं असेल. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं होतं की ही सुरुवात आहे, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. बाबांना तेव्हा बाहेर बसवलं होतं. आम्ही दोघा भावंडांनी ठरवलं की त्यांना फक्त 'वयामुळे होतं' एवढंच सांगायचं. त्यांनीही अधिक काही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, त्यांना कळलेलं नाही. ही त्या आजारातली एक बरी गोष्ट आहे, असं दिलीप म्हणाला होता.

दिलीप माझा मोठा भाऊ. पुण्याला बायको-मुलीसह असतो. आई गेल्यावर मी माझी नोकरी सोडून अमरावतीला बाबांपाशी येऊन राहिले. माझं लग्न टिकलं नव्हतं, मूल नव्हतं, लिहायला कुठूनही लिहिता येत होतं. रिंगरोडच्या पलीकडे बाबांनी पूर्वी घेतलेला मोठा प्लॉट होता, त्यात लहानसं घर आणि उरलेल्या सगळ्या जागेत बाग. सकाळी चहा झाला की बाबा जे बागेत जायचे ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. घरात ते चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचे, आईला हाक मारायचे. बागेत मात्र त्यांचं काही चुकत नव्हतं. आंबाडी कधी पेरायची, दोडक्याचा वेल कुठे खुडायचा, वांग्याच्या रोपाला किती पाणी, सगळं जागच्या जागी होतं.

"बागेत ते बरे असतात," मी दिलीपला फोनवर सांगायची.

"बरे असतात म्हणजे काय, उजू? परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेले होते ना? तूच सांगितलंस. तू गावोगाव पुस्तकाचे कार्यक्रम करत फिरशील तेव्हा कोण पाहील? मी त्यांना इकडे आणतो."

"सहाव्या मजल्यावर काय करतील ते?"

"जिवंत राहतील," दिलीप म्हणाला.

तो वाईट मनाने बोलत नव्हता. त्याचा फोन ठेवला की मलाही वाटायचं, त्याचंच खरं. पण दुसऱ्या दिवशी बाबा ओल्या मातीचे हात घेऊन दारात यायचे, "पाहा बरं कशी कोवळी निघाली," म्हणून वांगं माझ्यासमोर धरायचे, आणि माझं मन मागे फिरायचं.

बागेतल्या कार्यक्रमाची कल्पना अनघाची. "सभागृहं पुरे झाली," ती म्हणाली. "पाडव्यानंतरच्या रविवारी तुमच्याच बागेत करू. वाचक येतील, बाग पाहतील, तुम्ही त्यांच्यासमोर काहीतरी करून दाखवाल, मग सगळे मिळून जेवतील."

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून ते कामालाच लागले. वाफ्यांच्या कडा नव्याने बांधल्या, आळ्यांना चुना लावला, प्रत्येक वाफ्यात नावाची पाटी लावली. चिवळीच्या तर दोन मोठ्या वाफ्यांना ते दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. दिलीपने कळवलं, मीही येतो. फोन स्पीकरवर होता. जाताना बाबांना घेऊन जायचं की नाही, ते तिथेच ठरवू, असं तो बोलून गेला. बाबा समोरच बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात चिवळीवर अळी पडली. पानांना भोकं दिसायला लागली. बाबा रोज सकाळी उकिडवे बसून अळ्या वेचायचे. "निंबोळी मारली आहे," ते म्हणायचे. "दोन दिवसांत जातील." दोन दिवसांनी पुन्हा तेच म्हणायचे.

रविवार उजाडला. सकाळपासून घरात धांदल होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कांताबाई त्यांच्या दोन नणंदांना घेऊन आल्या होत्या. कैऱ्या उकडून पन्ह्याची तयारी झाली, डाळ भिजली, ज्वारीचं पीठ मळायला काढलं. चिवळीची परतून भाजी, चिवळ घालून वाफवलेले मुटके, आणि मी लोकांसमोर करून दाखवणार होते ती कच्च्या चिवळीची कोशिंबीर. जेवणाचा सगळा भार चिवळीवरच होता. दिलीप आदल्या संध्याकाळीच आला होता. तो बाबांच्या मागे मागे फिरत होता, आणि बाबांना ते आवडत नव्हतं.

"लहान पोर समजून राहिला का रे मला?" असं ते एकदा ओरडलेही.

दुपारी सगळ्यांनी दोन घास खाल्ले. मी जरा आडवी झाले. दिलीप खुर्च्या उतरवून घ्यायला रस्त्यापर्यंत गेला होता. उठून बाहेर आले तर बाबांनी स्वतः चिवळ कापून दोन टोपल्या भरून ठेवल्या होत्या. हिरवीगार, पाणी शिंपडलेली. एक टोपली कांताबाईंनी आत नेली. एक मांडवात माझ्या टेबलावर आली.

उन्हं उतरली तशी माणसं यायला लागली. बायका जास्त, पण काही शेतकरीही आले होते, बाबांच्या जुन्या ओळखीचे. मांडव भरला. काही जण वाफ्यांमधून फिरत पाट्या वाचत होते. बाबा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, नमस्कार घेत होते, आणि खरं सांगते, इतके ताठ आणि नीटनेटके मी त्यांना कितीतरी महिन्यांत पाहिले नव्हते. अनघाने पुस्तकाबद्दल बोलायला सुरुवात केली. मी टेबलामागे उभी राहून कांदा चिरत होते.

कांताबाई मागून माझ्याजवळ आल्या.

"ताई, जरा ऐकता का?"

"काय झालं?"

"बाबासाहेबांनं आज दुपारी फवारा मारला का जी चिवळीवर?"

"आज? नाही. कापायच्या दिवशी कशाला मारतील?"

"पंप ओला हाय. मी राख टाकाले गेली तं खोलीत पाह्यला. अन् ते वरच्या फळीवरचा डबा खाली हाय. वाळवीचा."

मागच्या दिवाळीत अवजारांच्या खोलीच्या चौकटीला वाळवी लागली होती, तेव्हा सुताराने ते औषध आणलं होतं. उरलेला डबा वर, हात पोहोचणार नाही असा ठेवला होता.

मी टोपलीत तोंड घालून वास घेतला. निंबोळीचा कडवट, उग्र वास येत होता. त्याच्या खाली आणखी काही होतं का, ते मला सांगता येईना. कधी वाटे रॉकेलसारखं काही आहे, कधी वाटे काही नाही. मी बाबांजवळ गेले आणि त्यांच्या खुर्चीपाशी वाकले.

"बाबा, आज फवारलं का तुम्ही?"

"हो. निंबोळी मारली."

"आज?"

"आज कशाला मारीन? काल मारली."

"काल दुपारी तुम्ही दिलीपची वाट पाहत बसला होता. आणि पंप ओला आहे. वाळवीचा डबा खाली कोणी काढला?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, पण ते मला पाहत नव्हते. आत कुठेतरी काहीतरी शोधत होते. मग दिलीप शेजारी येऊन उभा राहिला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले.

मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "बंद कर सगळं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाहेरून काहीतरी मागवू. मी काय सांगत होतो तुला? हेच सांगत होतो."

हे बाबांनी ऐकलं. ऐकलं असणारच, तो त्यांच्या डोक्यावरच बोलत होता.

मी टेबलाकडे गेले. अनघाचं बोलणं संपलं होतं आणि लोक माझ्याकडे पाहत होते. कांताबाईंना खूण करून मी आतला स्वयंपाक थांबवायला सांगितलं आणि माइक हातात घेतला. "मंडळी, आज कोशिंबीर करून दाखवणार होते," मी म्हणाले, "पण थोडी अडचण आली आहे. आपण आधी पन्हं घेऊ आणि—"

"कसली अडचण?" समोरची एक बाई हसत म्हणाली. "एवढी ताजी भाजी तर समोर दिसून राहिली."

"मोहोड साहेबांच्या हातची भाजी खायला तर आलो आम्ही," मागून एक शेतकरी म्हणाला.

तेवढ्यात बाबा उठले. कोणाचा आधार न घेता टेबलापाशी आले. मी त्यांचा हात धरायला गेले तर तो त्यांनी सोडवून घेतला.

"माझ्या वाफ्यातली भाजी आहे," ते मोठ्याने म्हणाले. "तिला अडचण कसली?"

टोपलीत हात घालून त्यांनी मूठभर चिवळ उचलली आणि तोंडात कोंबली. चावली, गिळली. आणखी एक मूठ घेतली. लोक टाळ्या वाजवायला लागले. नागपूरच्या भाषणाची बातमी छापून आली होती, नातीला न धुता पान खाऊ देणारा म्हातारा म्हणून. लोकांना वाटलं, तेच ते करून दाखवत आहेत. कोणीतरी फोटो काढले. मी "बाबा, पुरे, बाबा" म्हणत होते आणि माझा आवाज त्या टाळ्यांत माझा मलाच ऐकू येत नव्हता. त्यांनी तिसरी मूठही खाल्ली. मग माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, "जरा थांब. कोणाला वाढू नको. मी सांगतो तुला."

आणि जाऊन खुर्चीवर बसले.

दिलीप रागाने लाल झाला होता. "माझ्यासाठी चाललंय हे," तो मला म्हणाला. "मला दाखवताहेत. डोकं ठिकाणावर आहे म्हणून."

मलाही तसंच वाटलं. पुण्याला जायचं नाही म्हणून म्हातारा हट्टाला पेटला आहे. तरी मी टोपली टेबलाखाली सरकवली, आणि अनघाला सांगितलं, बोलत राहा, प्रश्नोत्तरं घे, काहीही कर. लोक प्रश्न विचारत होते. आंबाडीची फुलं वाळवायची कशी, सांडग्यांना कोणता भोपळा चांगला. मी उत्तरं देत होते आणि बाबांकडे पाहत होते. ते हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मधूनच एक हात समोर धरून बोटांकडे पाहायचे. पन्ह्याचा पेला कोणी पुढे केला तर तो त्यांनी परत केला.

बराच वेळ काही झालं नाही. मला धीर यायला लागला. मुटक्यांचं पातेलं पुन्हा चुलीवर चढवायला सांगावं, असं मनात आलं.

मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला. हवा तशी गरम होती, पण सदरा बघता बघता अंगाला चिकटला. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. त्यांनी ती बाहीने पुसली, पुन्हा आली. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली. त्यांनी उजवा हात वर केला आणि तळवा माझ्याकडे करून हलवला. नको. नको. मला वाटलं, ते म्हणताहेत, माझ्याजवळ येऊ नको. मी धावत गेले. ते पुढे वाकले आणि ओकले, तेव्हा कळलं, वाढू नको म्हणत होते.

"कोणी काही खाऊ नका!" मी ओरडले. "बागेतलं पान कोणी तोंडात घालू नका!"

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. उलटलेल्या खुर्च्या, दिलीपने बाबांना उचलून गाडीत ठेवणं, गाडीत त्यांचा गुरगुरणारा श्वास. दवाखान्यात डॉक्टर बोंडे म्हणून एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी बॅटरीने डोळे पाहिले आणि सिस्टरला इंजेक्शनं भरायला सांगितली. "डबा आणला का?" त्यांनी विचारलं. कांताबाईंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिलीपच्या हातात दिला होता. कसं सुचलं त्यांना, कोण जाणे. वाफ्यातून फिरताना दोनचार पानं चघळलेली एक बाईही रात्रभर निगराणीत होती. तिला काही झालं नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, पंप आणि टोपल्या घेऊन गेले. पंपात दोन्ही निघालं. निंबोळीही आणि ते दुसरंही, मापाच्या कितीतरी पट.

दुसऱ्या दिवशी बाबा सावरले. घाम थांबला, श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, धोका पूर्ण टळला नाही, मानेचे आणि छातीचे स्नायू मागाहूनही दगा देतात, पण आत्ता बरं आहे. दिलीप औषधं आणायला खाली गेला होता. सकाळचं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. मी स्टुलावर बसले होते.

"उजू."

"काय, बाबा?"

"कोणी खाल्लं नाही ना?"

"नाही. कोणीच नाही." त्या बाईचं मी सांगितलं नाही.

त्यांनी डोळे मिटले. इतकं स्वच्छ बोलणं मी त्यांच्या तोंडून फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"बाबा, कशाला खाल्लंत हो?" मला राहवलं नाही. "दिलीपने काय तुम्हाला ओढून नेलं असतं? एवढा हट्ट?"

"हट्ट नव्हता."

"मग?"

ते चादरीची कड चाचपत राहिले. मला वाटलं, विसरले. पण ते शब्द जुळवत होते.

"तू विचारलंस ना, फवारलं का म्हणून. मला आठवेना. निंबोळी मारली हे आठवत होतं, पण ते काल, की परवा, की मागच्या साली? काही लागेना हाताला. डबा काढला की नाही, तेही नाही. एवढी माणसं जेवायला बसणार. कळायला तर पाहिजे होतं."

"फेकून द्यायची होती भाजी. मी थांबवतच होते."

"हो. फेकायला पाहिजे होती." ते माझ्याकडे न पाहता छताकडे पाहत होते. "पण वाटलं, डोक्याला आठवत नाही, तर हाताला आठवत असेल. चाळीस वर्षं झाली पंप भरून राहिलो. हाताने बरोब्बर निंबोळीचीच बाटली उचलली असेल. एवढं तरी उरलं असेल, म्हटलं."

मी त्यांचा हात हातात घेतला. मातीच्या रेघा अजून नखांत होत्या.

"नाही उरलं," ते म्हणाले.

मी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आठवत नाही, आणि त्याने काही फरक पडला नसता. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, तुझी आई कुठे आहे. मी म्हटलं, येतेच आहे.

त्याच संध्याकाळी त्यांना मान उचलता येईना. रात्रीतून श्वासाची नळी घालावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. छातीने दगा दिला. त्यानंतर ते बोलले नाहीत. त्या आठवड्याच्या शेवटी ते गेले.

वर्तमानपत्रात बातमी आली. 'पुस्तकाच्या कार्यक्रमात विषबाधा, वृद्धाचा मृत्यू.' काहींनी मला फोन केले, काहींनी करायचे टाळले. ठरलेले पुढचे कार्यक्रम अनघाने न विचारता रद्द केले. मी पुरवणीतलं सदर बंद केलं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती मी निघू दिली नाही. बाग मी स्वतः नांगरून घेतली.

दिलीप मात्र फार खचला. त्याच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. "बाबांनी ते मला दाखवायला खाल्लं, मी तसं बोललो नसतो तर त्यांनी खाल्लं नसतं." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगायचा. त्याच्या बायकोने, त्याच्या मुलीने समजावून पाहिलं. मी मात्र बाबांचं ते बोलणं कोणाला सांगितलं नव्हतं. का, ते मला नीट सांगता येत नाही. ते माझ्याजवळचं त्यांचं शेवटचं बोलणं होतं म्हणून असेल.

तेराव्यानंतर तो पुण्याला निघाला त्या सकाळी आम्ही दोघं मागच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. समोर नांगरलेली रिकामी जमीन होती. तो पुन्हा तेच म्हणाला, आणि मग मी त्याला सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. आठवत नव्हतं म्हणून खाऊन पाहिलं. हाताला आठवत असेल असं वाटलं.

मला वाटलं होतं, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. तो हातातला कप फिरवत राहिला.

"म्हणजे आपल्याला आठवत नाही, हे त्यांना कळत होतं," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवशीच? की आधीपासून?"

नागपूरहून परत येताना गाडीत त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या डोळ्यांसमोर आला. मान खाली घालून शेंगा सोलणारे बाबा आले. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसवलेले, आत काय झालं हे न विचारणारे बाबा आले.

"आधीपासून," मी म्हणाले.

दिलीपने कप खाली ठेवला. "आणि आपण त्यांच्याशी एकदाही बोललो नाही," तो म्हणाला.

रस्त्यावर त्याची टॅक्सी येऊन थांबली होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. आम्ही दोघंही उठलो नाही.